झाडूवाल्या कोंबडीचा आवाज

घरात कोणी कार्टून लावलं की मी आधी डोळे मिटून ऐकते. ससा कुठल्या गावचं बोलतो, कोल्ह्याला कोणाची बोली दिली आहे, आणि स्वयंपाकघरात जे कोणी राबतंय त्याच्या तोंडी कोणाचं बोलणं घातलंय, हे मला आधी कळायला हवं असतं. चित्र नंतर. घरचे म्हणतात, ही जनावरांचीसुद्धा जातपडताळणी करते. करते. लहान मुलांसाठी काढलेली गंमत आहे, त्यात काय एवढं मनाला लावून घ्यायचं, असं मला आजवर पुष्कळांनी समजावलं आहे. पण समजावणाऱ्यांपैकी एकाच्याही आईचा आवाज कधी कोंबडीला दिला गेलेला नव्हता.

माझ्या आईचा दिला गेला होता. लखनौच्या महानगर कॉलनीत, सत्तरच्या दशकात, हिवाळ्यातल्या एका रविवारी दुपारी, सगळ्या शेजाऱ्यांच्या देखत.

वडील केंद्र सरकारच्या हिशेबाच्या खात्यात होते. नागपूरहून बदली झाली आणि आम्ही तिघं लखनौला आलो. घर मिळायला फार वणवण झाली. घरमालक प्रेमाने चहा पाजायचे, भाडं सांगायचे, आणि मग हसतमुखाने विचारायचे, "वैसे, आप लोग कौन हुए?" आमच्या आडनावावरून त्यांना काही उमगायचं नाही. वडील सरळ सांगायचे, "हम बौद्ध हैं." त्यावर रिकामा दिसणारा वरचा मजला अचानक कोणा मेहुण्यासाठी राखून ठेवलेला निघायचा. इतक्या मेहुण्यांचं शहर मी दुसरं पाहिलं नाही.

चचांनी, म्हणजे पुढे आमचे घरमालक झाले त्यांनी, विचारलं नाही. ते कोर्टात पेशकार होते, न्यायाधीशापुढे कागद ठेवण्यात उभी हयात गेलेली, आता निवृत्त. खालच्या मजल्यावर स्वतः राहायचे, वरचा भाड्याने द्यायचा होता. त्यांनी एवढंच विचारलं, "बिटिया शोर तो नहीं करती?" आणि वडिलांनी उत्तर द्यायच्या आत स्वतःच म्हणाले, "करे, करे. घर में आवाज़ होनी चाहिए." त्या दिवसापासून वडिलांसाठी चचा म्हणजे देवमाणूस. माझ्यासाठीही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यामुळेच अवघड झालं.

आवाजाची तर आमच्या घरात कमी नव्हतीच. माझी आई नागपूरच्या आमच्या वस्तीत जयंतीची गाणी उचलून धरायची. ती पहिली ओळ म्हणायची आणि मागची सगळी गल्ली तिच्यामागे जायची. लखनौला आली ती तो आवाज आणि आपली नागपुरी हिंदी जशीच्या तशी घेऊन. या शहरात लोक शिवीसुद्धा तहज़ीबने देतात, आणि ही सकाळी गच्चीच्या कठड्याला टेकून दोरीला बांधलेली टोपली खाली सोडायची आणि भाजीवाल्याला म्हणायची, "अरे बाप्पा! ये भिंडी है के लकड़ी है रे भैया? मेरेको दिखता नहीं क्या?"

"माताजी, एकदम ताज़ी है."

"हव, तेरी दादी के ज़माने की ताज़ी!"

भाजीवाला हसायचा आणि मूठभर हिरव्या मिरच्या फुकट टाकायचा. खाली अंगणात चचा उन्हात वेताच्या मूढ्यावर बसून पेपर वाचत असायचे. पेपर तोंडापुढे धरलेला, पण पान उलटायचं नाही. टोपली वर गेली की म्हणायचे, "बहू, आज तो तुमने भैया को लूट लिया." आई पदर सावरून हसायची. तिला लखनौ आवडलं होतं. ती म्हणायची, इथले लोक ऐकून घेतात.

आता रविवारच्या खेळाचं सांगते. कॉलनीत एक मोठी खोली होती, तिथे लग्नं व्हायची, निवडणुकीचं मतदान व्हायचं, आणि हिवाळ्यात रविवारी दुपारी मुलांसाठी सिनेमा. खिडक्यांवर घरोघरच्या रजया टांगून अंधार करायचे. आमच्या घरची गोधडी दाराशेजारच्या खिडकीवर असायची. प्रोजेक्टर आणि रिळांचे पत्र्याचे डबे आणायचं काम वडिलांनी अंगावर घेतलं होतं. एका सरकारी ग्रंथालयातून ते स्कूटरवर डबे बांधून आणायचे. रिळं जुनी, परदेशी. माणसासारखी दोन पायांवर चालणारी जनावरं, टोप्या घातलेली, पाइप ओढणारी, एकमेकांच्या डोक्यात हाणणारी. बोलणं सगळं इंग्रजी, आणि समोर बसलेल्या पोरांना त्यातलं काही कळायचं नाही.

म्हणून चचा. ते पडद्याच्या कडेला बसायचे, वडील मशीनचा आवाज बंद करायचे, आणि चचा सगळ्या जनावरांचं हिंदीत बोलायचे. नकला करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. कोर्टात उभं आयुष्य काढलेलं, तऱ्हेतऱ्हेच्या लोकांचं बोलणं कानात साठलेलं. आणि आमच्या कॉलनीत तर सगळा देशच राहत होता. चचांनी एकेका जनावराला एकेक प्रांत वाटून दिला होता. अस्वल पंजाबी होतं. कासव बंगाली, प्रत्येक गोष्टीवर विचार करणारं. बकरी पहाडी. गाढव बाराबंकीकडचं देहाती बोलायचं. आणि कोट घातलेला, छडी फिरवणारा कोल्हा असायचा तो अस्सल लखनवी. खड्ड्यात पडतानासुद्धा तो म्हणायचा, "क़िबला, पहले आप."

हसून हसून लोकांची मुरकुंडी वळायची. अस्वल बोलायला लागलं की कॉलनीतले सरदारजी मांडी थोपटून सगळ्यांत आधी हसायचे. बँकेतले बंगाली बाबू तर एखाद्या रिळात कासव नसलं की खट्टू व्हायचे. गाढवाच्या बोलीत बोलणारा आमचा दूधवाला मात्र आत कधी बसला नाही. तो सायकल धरून दारात उभा असायचा, आणि तो हसायचा की नाही हे अंधारात दिसायचं नाही.

मी वाट बघायची. आपलं कधी येणार? मराठी जनावर एकही नव्हतं. मी घरी कुरकुर केली की आई म्हणायची, "येईन नं. जंगल मोठं आहे."

आणि आलं.

त्या रिळात गोष्ट अशी होती की एका मोठ्या घरात मेजवानी आहे. पाहुणे येताहेत, पांढरी बदकं, करड्या रंगाचा ससा, तो कोटवाला कोल्हा. सगळ्यांचे पाय चिखलाने भरलेले. आणि घरात एक काळी कोंबडी. कमरेला एप्रन, डोक्याला फडकं, हातात झाडू. पाहुणे फरशी घाण करतात आणि ती मागोमाग झाडू घेऊन धावते, घसरते, केकमध्ये पडते. कोंबडी पडद्यावर आली, चचांनी घसा खाकरला, आणि खोलीत माझ्या आईचा आवाज आला.

"अरे बाप्पा! ये क्या करके रख दिया रे भैया? मेरेको दिखता नहीं क्या?"

तोच हेल. तोच 'बाप्पा' ओढून म्हणायचा ढंग, शेवटी आवाज वर नेऊन सोडायचा तोच प्रकार. क्षणभर मला वाटलं आईच बोलली. मग सगळी खोली फुटली. इतकं हसणं मी त्या खोलीत आधी ऐकलं नव्हतं. आणि हसता हसता लोक एकेक करून वळायला लागले, सतरंजीवर बायकांच्यात बसलेल्या आईकडे. प्रोजेक्टरच्या उजेडात सगळ्यांचे दात दिसत होते. आई हसत होती. तिने पदर तोंडावर धरला होता आणि तिचे खांदे हलत होते. रीळ संपेपर्यंत कोंबडी बोलत राहिली, आणि आईचा पदर तोंडावरच होता.

उजेड केल्यावर बायकांनी तिला घेरलं. "भाभीजी, बिलकुल आप!" चचा लगबगीने आले, चेहरा आनंदाने फुललेला. "बहू, कैसी रही? हफ़्ता भर रियाज़ किया है." ते खरंच विचारत होते. एखाद्याने भेट आणावी आणि ती उघडून बघायची वाट बघावी, तसे. आई म्हणाली, "अच्छी थी, भाईसाब."

घरी जेवायला बसलो. वडील म्हणाले, "मी त्यांच्याशी बोलू का?"

"काय सांगसान?" आई म्हणाली. "माया आवाज वापस द्या म्हणून?"

वडील पोळी मोडत राहिले. मग जणू स्वतःलाच सांगावं तसे म्हणाले, "त्यांच्या मनात काही नव्हतं गं." त्यात खोटं काही नव्हतं. आई म्हणाली, "मले ठाऊक आहे." त्यातही काही खोटं नव्हतं. मग ती उठली आणि भांडी घासायला लागली, आणि झाडणं मात्र त्या रात्री तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोपली खाली गेली तेव्हा समोरच्या गच्चीवरून एका पोराने आरोळी ठोकली, "अरे बाप्पा!" लगेच दुसऱ्या गच्चीवरून उत्तर आलं. पोरंच ती. माझ्याच वर्गातली, माझ्याबरोबर आट्यापाट्या खेळणारी. भाजीवाल्याला काही कळलं नाही, पण लोक हसताहेत म्हणून तोही हसला. आईने भेंडीकडे बोट दाखवलं. भाजीवाला म्हणाला, "कितनी, माताजी?" आईने बोटं दाखवली. त्या दिवशी मिरच्या मिळाल्या नाहीत, कारण तिने भांडणच केलं नव्हतं.

मला वाटलं चार दिवसांत विसरेल. पोरंही विसरतील. पोरं विसरली नाहीत, कारण त्या रिळाला इतकी मागणी आली की वडिलांना ते पुन्हा आणावं लागलं, आणि दुसऱ्या रिळांतही जिथे म्हणून कोणी झाडत-पुसत असेल तिथे तोच आवाज लागायला लागला. मांजर झाडत असली तरी तोच. आई हळूहळू एकेक वाक्य टाकून देत गेली. आधी भाजीवाल्याशी बोलणं गेलं. मग शेजारच्या बायकांशी. मग ती मला खाली पाठवायला लागली. कोणी घरी आलं तर ती हसून 'जी' म्हणायची, 'हाँ' म्हणायची, चहा ठेवायची. तिला सगळं कळायचं. फक्त ती बोलायची नाही. अलीगंजला आमच्यासारखी चार कुटुंबं होती, तिथे बुद्धवंदनेला जमलो की तिचा आवाज होता तसाच निघायचा, खडा आणि मोठा. मी तिथे डोळे मिटून तो ऐकत बसायची. वंदना संपली, रस्त्यावर आलो, रिक्षावाल्याने "कहाँ जाना है" विचारलं की आई माझ्याकडे बघायची.

मला राग येत होता, आणि तो कोणावर काढावा हे कळत नव्हतं. शेवटी मी चचांकडे गेले. ते उन्हात बसले होते. मी म्हटलं, "चचा, कोंबडीला तो आवाज नका देऊ." अर्थात हिंदीत म्हटलं. त्यांना आधी कळेना. मग त्यांनी पेपर खाली ठेवला.

"बिटिया, सबसे प्यारा किरदार तो वही है. सब उसी का इंतज़ार करते हैं. हमने तो बड़े प्यार से किया है."

"अम्मा बोलती नहीं अब," मी म्हटलं.

चचांचा चेहरा उतरला. त्यांनी वर आमच्या कठड्याकडे पाहिलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "अच्छा. नहीं करेंगे."

आणि त्यांनी शब्द पाळायचा प्रयत्न केला. पुढच्या रविवारी कोंबडी आली तेव्हा त्यांनी तिला कुठलाच प्रांत दिला नाही. साध्या, सपाट हिंदीत बोलले. खोलीत आधी शांतता, मग कुजबुज, मग मागून पोरं ओरडायला लागली, "मराठी आंटी वाली आवाज़! मराठी आंटी!" मोठेही सामील झाले. सरदारजी म्हणाले, "ओ चचा, मज़ा किरकिरा न करो." चचांनी पडद्याच्या कडेवरून माझ्याकडे पाहिलं. त्यांनी दोन्ही हात पसरले, मी काय करू, असे. मग घसा खाकरला. "अरे बाप्पा!" आणि छत उडून जाईल इतक्या टाळ्या. आई त्या रविवारी आलेली नव्हती, पण खोली आमच्या घरापासून लांब नव्हती.

चचांकडूनही ते थांबेना तेव्हा मला पहिल्यांदा खरोखर भीती वाटली.

संक्रांतीला लखनौतली मराठी मंडळी छावणीच्या बाजूला एका रेल्वे इंजिनिअरांच्या बंगल्यावर जमायची. त्यांच्या पत्नीला मी काकू म्हणायची. काकू पुण्याच्या. त्यांनी कोंबडीची गोष्ट कुठूनतरी ऐकली होती आणि त्यांना फार मौज वाटली होती. तिळाच्या वड्यांचं ताट फिरवता फिरवता त्या म्हणाल्या, "अहो, निदान मराठी म्हणून दखल तरी घेतली! नाहीतर इथे आपल्याला कोण विचारतं? पंजाबी आहे, बंगाली आहे, मग आपण का नको? मला तर कौतुक वाटलं बाई." आणि काकूंचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. मीच नव्हते का वाट बघत? काकूंची हिंदीही काही निराळी नव्हती. त्याही 'मेरेको' म्हणायच्या. पण त्यांना लोक म्हणायचे, आप कितना मीठा बोलती हैं.

आई मराठी माणसांत होती, म्हणून बोलली. "तुमच्या हाती झाडू नव्हता देला नं त्यानं."

ताट पुढे गेलं. कोणीतरी थंडीबद्दल बोलायला लागलं. परत येताना वडील स्कूटर चालवता चालवता, मान न वळवता म्हणाले, "माझ्या आज्याने गावचे रस्ते झाडले." आई त्यांच्या मागे बसली होती आणि मी पुढे उभी.

मग एकदा चचांचा घसा बसला. गळ्याला मफलर गुंडाळून, काढा पिऊन ते मागे खुर्चीवर येऊन बसले, आणि नाइलाजाने वडिलांनी मशीनचा आवाज लावला. रीळ कोंबडीचंच होतं. पोरं कंटाळून गोंधळ घालत होती. मी मिशनच्या शाळेत जायची, इंग्रजी बऱ्यापैकी कळायचं. बदकं, ससा, कोल्हा सगळे आमच्या शाळेतल्या मिससारखं सफाईदार बोलत होते. मग कोंबडी आली, आणि ती निराळंच बोलली. शब्द अर्धे गिळलेले, क्रियापदं मोडलेली, 'येस सर' लांबवून लांबवून म्हटलेलं. सगळ्या रिळात तीच एकटी असं बोलत होती. मी शाळेत मिसला विचारलं, असं इंग्रजी कोण बोलतं? मिस म्हणाल्या, तिकडे अमेरिकेत घरकाम करणाऱ्या काळ्या बायका असं बोलतात, असं दाखवायची पद्धत आहे. मग म्हणाल्या, चांगल्या मुलींनी त्याची नक्कल करू नये.

त्यावर मी किती दिवस विचार करत होते. म्हणजे हे आधीच झालेलं होतं. समुद्रापलीकडे कोणीतरी माणूस कोणाच्या तरी आईचं बोलणं ऐकत बसला असेल, पान न उलटता, आणि मग त्याने तिच्या अंगावर पिसं चितारली. चचांनी तर कोंबडीला आवाज दिला तेव्हा तो मूळ आवाज नीट ऐकलाही नव्हता. त्यांनी फक्त चित्र पाहिलं, काळी कोंबडी आणि झाडू, आणि हिच्या तोंडी कोणता आवाज शोभेल ते त्यांना आपोआप समजलं. कॉलनीत इतक्या बायका होत्या. सिंधी होत्या, पहाडी होत्या. त्यांनी शोधला तो आमच्या गच्चीवर. चचांना आमची जात माहीत नव्हती, त्यांनी विचारलीच नव्हती. का माहीत होती, म्हणून विचारली नाही? हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही माहीत नाही. त्यांच्याबद्दल असा विचार करताना मला लाज वाटते, आणि न करता राहवतही नाही.

ऐंशीच्या आसपास घरोघर टीव्ही आले आणि रविवारचा खेळ आपोआप बंद पडला. शेवटच्या दिवशी रजया उतरवल्या, आमची गोधडी आम्ही घरी नेली. पोरं मोठी झाली, गाव सोडून गेली. 'बाप्पा' म्हणणारं आता कोणी उरलं नव्हतं. मला वाटलं, आता आई बोलेल. पण जी गोष्ट इतकी वर्षं वापरली नाही ती कशी हाताला लागावी? मी तिला म्हणायची, "आई, कोणी नाही आता हसायला." ती म्हणायची, "हव." आणि भाजीसाठी मलाच खाली पाठवायची.

चचा गेले तेव्हा ती फार रडली. खालच्या अंगणात बायकांच्यात बसून होती दिवसभर, तोंडातून एक शब्द नाही. चचांची सून रडता रडता तिला म्हणाली, "बाबूजी अक्सर कहते थे, ऊपर से अब आवाज़ नहीं आती." आईने तिचा हात घट्ट धरला. मी बाजूला उभी होते. मला त्या मेलेल्या म्हाताऱ्याला गदागदा हलवावंसं वाटलं, आणि त्याच्या पायाही पडावंसं वाटलं.

त्यानंतर काही वर्षांनी आईच्या पित्ताशयात खडे निघाले. मी तोवर नोकरीला लागले होते. एका मोठ्या इस्पितळात ऑपरेशन झालं, नीट झालं. बायकांच्या वॉर्डात रात्री घरच्या माणसाला थांबू देत नव्हते. दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेला मी गेले तर वॉर्डातल्या आयाबाई मला दारातच भेटल्या. आवाज खाली आणून, दया येऊन त्यांनी विचारलं, "बिटिया, माताजी बोल नहीं पातीं क्या? हम रात से पूछ रहे हैं दर्द है क्या, बस आँखें मूँद लेती हैं. किसी ने बताया नहीं कि गूँगी हैं."

मी आत गेले. आईचा चेहरा वेदनेने काळवंडला होता, उशी घामाने ओली. दुखण्याचं इंजेक्शन तिला मागितल्यावर मिळणार होतं, आणि तिने मागितलं नव्हतं. रात्रभर.

"आई, अगं एक शब्द म्हणायचा होता. दर्द. एवढंच."

तिने माझा हात धरला आणि छताकडे बघत राहिली. मी धावत जाऊन डॉक्टरांना सांगितलं, आणि एक सिस्टर सुई घेऊन आल्या. त्या केरळच्या होत्या, सावळ्या, धिप्पाड, आवाज वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला जाईल असा. "अम्मा! तुम काय को चुप बैठता? दर्द होता तो बोलने का ना! हम इधर किसके लिए है?" सुई टोचता टोचता त्या बोलत होत्या, शेजारच्या खाटेवरच्या बाईला रागावत होत्या, आयाबाईंना कामं सांगत होत्या, आणि डॉक्टर आले तेव्हा त्यांनाही त्याच मोडक्यातोडक्या हिंदीत ठणकावून म्हणाल्या, "सर, ये पेशेंट को रात को किसी ने देखा नहीं, ये अच्छा बात नहीं है." डॉक्टरांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. आयाबाई "जी सिस्टर, जी सिस्टर" करत पळाल्या.

आई उशीवरून मान वळवून त्यांच्याकडे बघत होती. त्या जातील तिकडे तिची नजर जात होती. मग तिने मला जवळ ओढलं. मला वाटलं दुखतंय म्हणून काही सांगायचं आहे. मी कान तिच्या तोंडाशी नेला.

"हिले कोणी हासत नाही का वं?"

सिस्टरनी ते बघितलं आणि उत्साहाने खाटेपाशी आल्या. "अम्मा बोला! क्या बोलता अम्मा?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हटलं, "पानी माँग रही हैं."

सिस्टरनी पाणी आणलं, स्वतःच्या हाताने आईची मान उचलून चमच्याने पाजलं. आईला तहान नव्हती. पण ती पाणी प्यायली, आणि सिस्टरकडे बघून हसून म्हणाली, "जी."